उपडं घमेलं

"घमेलं ठेवलंय." दर वैशाखात मी माझ्या नणंदेला, शालूला, एवढ्याच दोन शब्दांचं पोस्टकार्ड टाकत असे. यंदाही टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला की शालू गेली. इगतपुरीच्या दवाखान्यात ती नोकरीला होती. तिथे औषधं काढून देता देता खुर्चीवर बसली, ती उठलीच नाही. आम्ही तिथे पोहोचलो, सगळं आटपलं, आणि तिसऱ्या दिवशी पोस्टमनने दारातून माझंच कार्ड आत टाकलं. ते मी पिशवीत घालून परत आणलं.

नव्याने फ्लॅटात राहायला आलेल्यांसाठी सांगते. आमच्या गास गावातल्या केळीच्या वाड्यांमध्ये बावखलं होती. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि भोवतालच्या विहिरी त्याच्या जिवावर गोड राहतात. पावसाआधी त्यातला गाळ उपसून केळीच्या बुंध्याला घालायचा, त्यासाठी प्रत्येक घरातलं एक माणूस यायचं. मजूर चालत नाही, घरचंच माणूस लागतं. ज्या घराचं माणूस हवं त्याच्या ओट्यावर आदल्या दिवशी घमेलं उपडं ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्याने ते उचलायचं आणि बावखलात उतरायचं. बोलावणं नाही, आर्जव नाही.

शालू आमच्या घरातली धाकटी. तिने लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. सासूबाई गेल्यावर माझे यजमान आणि माधवभाऊजी, दोघा भावांनी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. खोटं कशाला बोलू, "करून टाक सही, भावांशी वाकडं कशाला" असं तिला मीच म्हणाले होते. चहाही मीच केला होता. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्या कागदात वाडीबरोबर बावखलही भाऊजींच्या वाट्याला जातंय, हे मला कळलं नाही. बावखल कुणा एकाचं असतं, हेच मुळी माझ्या डोक्यात नव्हतं.

सही करून ती म्हणाली, "वहिनी, जमीन सोडली. उपसा सोडलेला नाही. माझं घमेलं ठेवत जा." तेव्हापासून मी तिचं घमेलं माझ्या ओट्यावर ठेवायचे आणि कार्ड टाकायचे. कार्ड मिळालं की ही बाई एकटी स्कूटरवर निघायची. कसाऱ्याचा घाट उतरायचा, शहापूरला चहा प्यायचा, भिवंडीच्या ट्रकांमधून वाट काढत चिंचोटीला यायचं आणि दुपारी आमच्या दारात. तोंड धुळीने माखलेलं, नुसते डोळे दिसायचे. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीने विचारलं, "अगो, एवढ्या लांबून चिखल काढायला येतेस? तिकडे चिखल नाय मिळत?" शालू म्हणाली, "मिळतो. पण तिथल्या चिखलात माझी आई नव्हती उतरली." चार दिवस ती आमच्याबरोबर गुडघाभर गाळात राबायची आणि पाचव्या दिवशी केळ्यांचा घड स्कूटरला बांधून परत जायची.

एका वर्षी ती आली तेव्हा बावखलाच्या काठी डबराचा ट्रक उभा होता. भाऊजींना बंगला बांधायचा होता. निम्मं बावखल आदल्या दिवशीच भरून झालं होतं. शालूने अंगावरची धूळसुद्धा झटकली नाही. तिने स्कूटर ट्रकच्या मागे, बावखलाच्या तोंडाशी आडवी लावली आणि वर बसून राहिली.

"ओ मावशी, गाडी घ्या ना बाजूला. अजून तीन खेपा आहेत," ड्रायव्हर म्हणाला.

"केळं खातोस?"

"खातो ना."

"मग ज्या पाण्यावर ते पिकतं त्यात दगडविटा कशाला ओततोस? घे, खा आणि जा."

तो बिचारा हसला, केळं खाल्लं आणि गेला. मग भाऊजी आले. "शालू, तू सही केलीयेस. तुझा इथे काय संबंध?" असं ते पाठच्या बहिणीला चारचौघांत म्हणाले. ती म्हणाली, "माधवदादा, तुझं घमेलं गेली पाच वर्षं उपडंच आहे. तुझा तरी काय संबंध?"

तीन दिवस ती तिथून हलली नाही. मी जेवण नेऊन द्यायचे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाड्यांतली माणसं येऊन तिच्याभोवती उभी राहिली, कारण विहिरी खाऱ्या झाल्या असत्या तर त्यांच्याही झाल्या असत्या. उरलेलं निम्मं वाचलं. गेलेल्या निम्म्यावर भाऊजींच्या बंगल्याची भिंत आहे.

आता हे लिहायचं कारण. देवळाच्या सभागृहात शोकसभा झाली. त्यात हेच भाऊजी बोलायला उभे राहिले. "माझी भगिनी थोर पर्यावरणप्रेमी होती. तिच्या समाजसेवेचा वारसा आम्ही पुढे नेऊ." टाळ्या पडल्या... शोकसभेत टाळ्या! मग कुणीतरी सुचवलं की बावखलाकाठी तिच्या नावाचा फलक लावू आणि तिचं घमेलं काचेच्या पेटीत ठेवू. मी तेव्हा गप्प बसले, त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून पुरवणीवाल्यांनी दोन शब्द लिहा म्हटल्यावर हो म्हणाले. समाजसेवा कसली? ती आपल्या घरचं काम करायला येत होती, आणि त्याच घरच्यांनी तिला परकं केलं होतं. त्यांत मीही आहे.

काचेच्या पेटीसाठी घमेलं मी दिलं नाही. उपशाच्या आदल्या दिवशी ते नेऊन भाऊजींच्या संगमरवरी ओट्यावर उपडं ठेवलं. सकाळी बघते तर घमेलं घेऊन एक मजूर आला. "शेठने पाठवलंय," म्हणाला. त्याचा काय दोष! त्याला चहा पाजला, दिवसाचा रोज शेठकडूनच घे म्हणून सांगितलं, आणि घमेलं काढून घेतलं. पुन्हा नेऊन त्याच ओट्यावर उपडं ठेवलं. या खेपेला त्याच्याखाली माझं पोस्टकार्डही ठेवलंय.

आज आठ दिवस झाले. त्यांच्या घरचे त्याला वळसा घालून जातात-येतात. बावखलात आमच्या घरच्या वाट्याचा, शालू उपसायची तो गाळ तसाच आहे. पाऊस यायला अजून पंधरा दिवस आहेत.