आबांना सांगत सांगत पंचवटीला

गेल्या शनिवारी मी आबांना घेऊन नाशिकला गेले. एसटीने. आबा म्हणजे माझे वडील... आणि घेऊन म्हणजे मांडीवरच्या पिशवीत, लाल फडक्यात बांधलेल्या तांब्यात.

आबांचं अख्खं आयुष्य बदलापूरजवळच्या सोनिवलीत भातशेतीत गेलं. पण आजीच्या अस्थी त्यांनी पंचवटीत, रामकुंडात सोडल्या होत्या आणि मलाही तिथेच न्या, असं शंभरदा बजावून ठेवलं होतं. मी एकुलती एक, म्हणजे न्यायचं मलाच.

काका म्हणाले, बाईमाणूस एवढ्या लांब एकटी कशाला, आपली उल्हास नदी काय वाईट आहे? एका कारवाल्याला विचारलं, तर त्याने अस्थी म्हटल्याबरोबर फोन ठेवला. झालं, माझं डोकंच सटकलं. मी कॅम्प दोनच्या बाजारात कापडाच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकं लावते... मला कुणी नको म्हटलं की मी ते करतेच. म्हटलं, एसटी आहे ना! आबा तरी जन्मभर कशाने फिरले?

खरी अडचण वेगळीच होती. आमच्याकडे अस्थी नेताना माणसाला सांगत न्यायचं असतं. नदी आली, पूल आला, इथे उतरायचंय, आता या गाडीत बसायचंय... सगळं सांगायचं. नाही सांगितलं तर जीव वाटेत मागे राहतो म्हणतात. आता यावर माझा विश्वास आहे का? नाही. पण आबांचा होता ना!

मी शक्कल लढवली. कानात इयरफोन घातले, म्हणजे लोकांना वाटेल फोनवर बोलतेय. कात्रपला घरासमोर रिक्षात सांगितलं, बदलापूर स्टेशनला सांगितलं, कल्याणला उतरल्यावर सांगितलं.

कल्याण डेपोत नाशिकची गाडी लागलेलीच होती. कंडक्टरने विचारलं, किती? दोन म्हणता म्हणता एक म्हटलं... आणि तिथे पहिल्यांदा डोळे भरून आले. त्याने पिशवी वर ठेवायला सांगितली, मी सरळ नाही म्हटलं.

शेजारी एक मावशी बसल्या होत्या. वांगणीकडच्या कुठल्याशा वाडीवरच्या, लेक नाशिकला द्राक्षाच्या बागेत कामाला, तिच्याकडे निघालेल्या. मी पुटपुटायला लागले की त्या खिडकीबाहेर बघायच्या. मला वाटलं, वैतागल्या असतील माझ्या बडबडीला.

सगळं छान चाललं होतं. भातसा नदीचा पूल सांगितला, शहापूर सांगितलं. कसारा घाट चढून वर आलो आणि गाडीने मान टाकली. ड्रायव्हर खाली उतरला, जरा खुडबुड केली, म्हणाला, आता ही काय हलत नाही.

थोड्या वेळाने मागून दुसरी नाशिक गाडी आली आणि एकच पळापळ. जागा मिळणार नाही, मग घाटात कोण उभं राहणार? मी पिशवी छातीशी धरली आणि अशी धावले की बास. चढले एकदाची. पुढे अर्धा रस्ता उभी होते, तो बॅलन्स सांभाळण्यातच गेला.

नाशिकच्या सीबीएस स्टँडमध्ये गाडी शिरली. मी नेहमीसारखं म्हटलं, आबा, नाशिक आलं... आणि एकदम आठवलं. गाडी बदलताना मी सांगितलंच नव्हतं.

हसू नका. मला ठाऊक होतं तांब्या हातात आहे. तरी डोळ्यांपुढे तेच येत होतं, आबा त्या बंद पडलेल्या गाडीत खिडकीशी बसलेत आणि माझी वाट बघतायत. शेवटचं एक काम सांगितलं होतं माणसाने, तेही मला नीट जमू नये?

मग ठरवलं. परत जायचं. घाटात उतरायचं, सांगायचं आणि पुन्हा यायचं, दिवस गेला तरी चालेल. त्या बाजूची गाडी कधी आहे ते विचारायला चौकशीच्या खिडकीकडे निघाले, तर मागून कुणीतरी दंड धरला. त्याच मावशी. कुठं चाललीस उलटी, म्हणाल्या. मी रडतच काय झालं ते सांगून टाकलं.

"मी सांगलंय त्यांना," मावशी म्हणाल्या. "तू धावलीस, तवा मी मागं राहिले. म्हटलं, बाबा, ही गाडी बिघडली. लेक तुमची पुढं गेली, चला तिच्या मागं."

तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं.

"आमच्यातपण सांगत नेतात. आणि फोनवर बोलणारी बाय दर पुलाला पिशवीवर हात ठेवते काय?"

भर स्टँडवर मी त्यांच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले. आबा गेल्यापासून अशी रडलेच नव्हते... सगळ्यांना धीर देण्यातच वेळ गेला होता. मावशींनी माझी पाठ थोपटली, मला पंचवटीच्या बसमध्ये बसवलं आणि त्या त्यांच्या वाटेने गेल्या.

गोदावरीचा पूल आला तेव्हा इयरफोन काढून ठेवले. मोठ्याने सांगितलं, आबा, गोदावरी आली. दोन-चार जणांनी वळून बघितलं. बघू देत.

पंचवटी कारंजाच्या स्टॉपला उतरून चालत रामकुंडावर गेले. गुरुजींनी विचारलं, करणार कोण? म्हटलं, मीच. पायरीवर उभी राहिले, फडकं सोडलं... आणि आता शेवटचं सांगायचं होतं, की पोचलो, उतरा. सकाळपासून बडबडणारी मी, तेवढे दोन शब्द तोंडातून निघेनात.

निघाले शेवटी.

मावशी, तुम्ही काही फेसबुकवर नसणार. पण माझ्या वडिलांना तुम्ही हाक मारून गाडीत घेतलंत. घरच्यांनी एकटी जाऊ नको म्हटलं होतं... एकटी गेलेच नाही मी.