हँडओव्हर काकांची तारीख

हँडओव्हर काका मिठाची एक किलोची पुडी कधीच घ्यायचे नाहीत. अर्धा किलो, बस. दुकानदार सांगायचा की मोठी पुडी स्वस्त पडते. काका शांतपणे म्हणायचे, "स्वस्त पडते रे, पण संपवन कोण?" संपवायला घरात काकू होत्या, मुलगी रश्मी होती. पण काकांच्या मते ते गेल्यावर त्या घरात मीठ खाणं बंदच होणार होतं.

काका जाणार होते हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्यांच्या घराण्यातले पुरुष अठ्ठावन्नाव्या वर्षी जायचे, तेही पोळा फुटल्यावर आणि दिवाळीच्या आत, आणि काकांना आता अठ्ठावन्नावं लागत होतं. आजोबांना शेतात साप चावला. वडील झोपेत गेले. मोठ्या भावाचं लिव्हर गेलं, आणि त्यासाठी त्यांनी रोज संध्याकाळी स्वतः मेहनत घेतली होती. मी गल्लीतलाच पोरगा, एकदा म्हटलं, काका, यात सापाचा आणि दारूचा काय संबंध? तर म्हणाले, "कारण काई बी राहो लेका, टाइम एकच हाय. ट्रेन कोणती बी पकड, स्टेशन तेच."

मरणाची तारीख आधी कळली तर काय कराल, असं कोणाला विचारलं की लोक मोठमोठं बोलतात. काशीला जाईन, वैऱ्याला माफ करीन. काकांनी काकूंना फ्यूज बांधायला शिकवलं.

'हँडओव्हर' हे नाव त्यावरूनच पडलं. काका प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. तिथला हँडओव्हरचा नियम असा की पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर सीट सोडायची नाही. आणि एकदा त्याने चार्ज घेतला की मग क्रेनच्या लिव्हरला बोटसुद्धा लावायचं नाही. हा नियम काकांनी घरी, कंपनीच्या क्वार्टरमध्ये आणला. सिलेंडरचा रेग्युलेटर, कूलरचा पंप, बँक, विम्याचे कागद, सगळ्याचं काकूंना ट्रेनिंग. वर तोंडी परीक्षा. काकू पोळ्या लाटत असल्या की मागून आवाज यायचा, "शॉर्ट सर्किट झाला. पयले काय बंद करशीन?" काकू म्हणायच्या, "पयले तुमचं तोंड."

स्कूटी शिकवायला काका त्यांना सेक्टरच्या मैदानात न्यायचे. स्वतः मागून धावायचे आणि क्रेनला देतात तसे हाताचे इशारे करायचे. काकूंना आरशात ते दिसायचे नाहीत, त्यामुळे त्या दोनदा मेंदीच्या कुंपणात गेल्या. गुडघ्याला हळद लावता लावता त्या माझ्या आईला म्हणाल्या, "मरून राहिले ते, अन् मेहनत मी करून राहिली."

गल्लीचं म्हणाल तर तिनं हे दुःख फार धीरानं घेतलं. शेजारचे साहूजी रोज तब्येत विचारायचे आणि उठता उठता हळूच म्हणायचे, "भैया, वो कूलर का क्या सोचे हो?" काकांनी शेवटी देऊन टाकला. गोंदियाचे चुलतभाऊ 'शेवटचं भेटायला' म्हणून सहकुटुंब आले, आठवडाभर राहिले, रोज मटण खाल्लं आणि जाताना रडले. मटण खरंच चांगलं होतं.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत नकला करायचो. काकांची नक्कल माझा हुकमी आयटम. काका पहिल्या रांगेत बसून बघायचे आणि नंतर मला बाजूला घ्यायचे. मला वाटायचं, आता झापतात. तर म्हणायचे, "चाल बराबर जमली. खाकरणं नाही जमलं. मी हाय तोवर पक्कं करून घे, मंग कोणाले विचारशीन?"

इथवर सगळी मजाच होती. पण काकांना जायच्या आधी रश्मीचं लग्न बघायचं होतं. ती नेहरू नगरला कोचिंगला जायची, रेल्वेच्या परीक्षेची तयारी करत होती, आणि लग्नाचं नाव काढलं की उठून जायची. काकांनी गोंदियाकडचा एक मुलगा काढला. मुलगा निवडताना त्यांनी एकच गुण पाहिला, तो म्हणजे वैशाखात रिकामा आहे का. तो बाराही महिने रिकामा होता.

रश्मी बापाला काही बोलली नाही. मरणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा मरण्याचा मोठाच फायदा आहे. तिनं कोचिंग सोडलं, पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि दिवसभर गहू निवडत बसायला लागली. काका सगळ्यांना सांगत फिरले की पोरगी समजदार निघाली.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी मी मंडळाच्या खुर्च्या घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि काकांसमोर उभ्या राहिल्या.

"घराचा चार्ज कोणापाशी हाय?"

"तुयापाशी. कावून?"

"देल्ला न मले? पुरा?"

"पुरा देल्ला."

"मंग उद्याचं बंद करा. खुर्च्या वापस ने रे बाबू."

काका हसले. त्यांना वाटलं, परीक्षाच चालू आहे, फक्त उलटी. मग काकूंचं तोंड पाहून हसू विरलं. ते बोलायला लागले की मुलगा चांगला आहे, घर ओळखीचं आहे, वेळ नाही. काकूंनी मध्येच तोडलं.

"तुमी एक दिवस मरान. तिले तिथं जिंदगीभर रायाचं हाय."

काका एकदम लहान आवाजात म्हणाले, "मले तिचं लगन पायाचं होतं वो."

"तं नाही पायान."

तो आवाज मला आजही काढता येत नाही, त्यांचा नाही आणि काकूंचाही नाही. काका उठले, चप्पल घातली आणि गोंदियाला फोन करायला बाहेर गेले. पोरीची काही चूक नाही, माझाच विचार बदलला, असं त्यांनी स्वतःवर घेतलं. क्रेनसारखंच, चार्ज दिल्यावर लिव्हरला पुन्हा हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची पुस्तकं त्यांनीच खाली काढली आणि धूळ झटकताना रश्मीला विचारलं, "परीक्षा पोळ्याच्या पयले हाय का बादमध्ये?" ती म्हणाली, नंतर. काका म्हणाले, "मंग निकाल तुया मायलेच सांगजो."

पोळा आला. काकांनी मातीच्या बैलांची पूजा केली, साहूभाभींनी पाठवलेली ठेठरी-खुरमी खाल्ली आणि पोळा फुटल्यावर सगळ्यांच्या पाया पडले, लहान पोरांच्यासुद्धा. त्या दिवसापासून ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून झोपायला लागले, म्हणजे कोणाची ऐनवेळी धावपळ नको. शिंकले तरी चार दारं उघडायची. गणपती गेले, दसरा गेला. काकू मात्र रोज पहाटे उठल्या की आधी त्यांच्या नाकासमोर बोट धरून बघायच्या आणि मग चहा ठेवायच्या. हे काकांना माहीत नव्हतं. काकूंनी माझ्या आईला सांगितलं, आईनं मला, आणि पहिल्यांदा मी एखाद्या गोष्टीची नक्कल केली नाही.

लक्ष्मीपूजनाला काका जिवंत होते. भाऊबीजेलाही. तुळशीचं लग्न लागलं तेव्हा तर त्यांनी ऊस आणून दिला. म्हणजे काका सपशेल नापास झाले.

गल्लीला हे जड गेलं. गोंदियाच्या चुलतभावांनी फोनवर सरळ विचारलं की आम्ही काय फुकट रडलो का? साहूजी पुढचा उन्हाळाभर कूलर लावून झोपले आणि म्हणाले, दान की हुई चीज वापस लेने से देनेवाले को ही दोष लगता है। काका बिचारे मागच्या गल्लीनं बाजारात जायचे. घरात बँकेचं पासबुक मागितलं तर काकू म्हणाल्या, "चार्ज देल्ला न?" रिटायर झाले तेव्हा त्यांना घरही नव्हतं, कारण बांधलंच नव्हतं. क्वार्टर सोडून दुर्गला, मोहन नगरात, भाड्यानं गेले. तिथं मला म्हणाले, "मरणाची पुरी तयारी होती रे. जगण्याचीच नव्हती केली."

रश्मी पास झाली. दोन-तीन वर्षांनी तिनं तिच्याच ऑफिसातला मुलगा पसंत केला. वरातीसमोर काका असे नाचले की पाहुणे विचारायला लागले, हे मुलाकडचे का?

त्यानंतर काकांना काय झालं कोण जाणे, त्यांनी सिव्हिक सेंटरच्या एका डॉक्टरकडे नवी कवळी करायला टाकली. मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "पंधरा वर्ष चालते म्हणते डॉक्टर. आता तेवढं तं थांबाच लागन." वरचे दात आधी मिळाले, खालचे सोमवारी मिळणार होते. शनिवारी दुपारी काका जेवून पेपर वाचत आडवे झाले आणि उठले नाहीत. धड पोळा नाही, धड दिवाळी नाही, माघ चालू होता. कोणाला काही सांगितलं नव्हतं.

सोमवारी काकूंनी मला बोलावलं. म्हणाल्या, चल, खालचे दात आणाचे हायेत. रश्मी म्हणाली, आई, आता काय करायचे? काकू म्हणाल्या, "त्याईनं जिंदगीत पयल्यांदा पुढच्या सोमवारचं काई ठरवलं होतं. मी नाही बुडू देत."

दवाखान्यातल्या मुलीनं डबी काढली आणि सांगितलं की फिटिंगसाठी पेशंटला स्वतः यावं लागेल. अंकल कब आएँगे, कोई तारीख दे दीजिए.

काकू म्हणाल्या, "बेटा, तारीख दिए थे तो गए नहीं। गए तो बिना तारीख के।"

मुलीला वाटलं, आंटी गंमत करतायत. ती खळखळून हसली. काकूही हसल्या. मग डबी छातीशी धरून बाकावर बसल्या, आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.