इनासच्या आवाजातले जपानी गुंड

माझा रूममेट इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईत, देऱ्यातल्या ऑफिसात बिलं तपासत होतो. तो कामाला होता त्या हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडता मांडता तो जरा खुर्चीवर टेकला, तो उठलाच नाही. त्याची शवपेटी गावी वसईला गेली त्याला आता महिना होऊन गेला, पण रविवार आला की मला खोलीत एका जागी बसवत नाही. उगाच बादली इकडची तिकडे करतो, खिडकी उघडतो, गरम हवा आली की लावून घेतो...

रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून आला की इनास खोक्यावर माझा लॅपटॉप मांडायचा आणि साठच्या दशकातला एखादा जपानी गुंडांचा सिनेमा लावायचा. काय थाट एकेकाचा! जांभळं जाकीट, काळा चष्मा, लालभडक भिंती, मागे सॅक्सोफोन, आणि गोळ्या सुटत असताना टोपी सावरणारा हिरो. गोळी लागलेला माणूससुद्धा गिरकी घेऊन ऐटीत पडणार. खालच्या इंग्रजी ओळी इनास बंद करायचा. "वाचायला बसलायस की बघायला?" मग सगळ्यांचे संवाद स्वतःच मराठीत म्हणायचा. "हबीबी, गोळी नंतर घाल, आधी भांग पाडू दे!" आमचा तिसरा रूममेट प्रकाश हसून हसून पलंगावरून खाली यायचा. आणि सिनेमा कुठलाही असो, हिरो एकदा तरी म्हणायचाच, "यल्ला, चला, एवढं शेवटचं काम. मग गावाला."

शेवटच्या रविवारी त्याला अचानक ड्यूटी लागली आणि सिनेमा अर्ध्यावर राहिला. परवा प्रकाश म्हणाला, "बघून टाकू रे. मला चैन नाही." या वेळी ओळी चालू ठेवल्या. जांभळ्या जाकीटवाला बंदूक पुसत काहीतरी बोलला आणि खाली उमटलं, मला परत जायला कुठलंच गाव नाही.

मी ताडकन उठलो. म्हणजे गावाची ओढ हिरोला नव्हतीच. ती इनासची होती. इतकी वर्षं तो आमच्या तोंडावर तेच सांगत होता, आणि आम्ही पोट धरून हसत होतो. मला राग आला, कुणाचा ते कळेना.

"बंद करू?" प्रकाशने विचारलं.

"नको. ओळी काढ. आवाजपण."

शेवटी हिरोने पडलेली टोपी उचलली, झटकली, तिरकी घातली. बंदराकडे निघाला, वळला, तोंड उघडलं. मी अजून उभाच होतो.

"यल्ला," मी म्हणालो, "झालं शेवटचं काम."

पुढचं मला म्हणवेना. ते प्रकाशने म्हटलं.