आतून लावून घ्या

“आधी आतून लावून घ्या, मी बाहेर उभा आहे,” किल्लीमामा त्या बाईला म्हणाले. नव्या कुलपाच्या सगळ्या किल्ल्या तिच्या ओंजळीत टाकल्या आणि ते जिन्यावर जाऊन उभे राहिले.

तिला भाषा कळत नव्हती. म्हणून आधी त्यांनी खुणेनं करून दाखवलं होतं: ही आतली कळ अशी फिरवायची, मग बाहेरून कोणीही येऊ शकत नाही. मीसुद्धा नाही. असं म्हणताना त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं होतं, आणि तिच्या पदराआडून बघणारी लहान मुलगी त्या बोटाकडे टक लावून पाहत राहिली होती.

बाजाराच्या कोपऱ्यावर मामांची टपरी होती. आत बसले की गुडघे बाहेर यायचे. त्यांची बायको म्हणायची, तुम्ही दुकानात बसत नाही हो, दुकान अंगात घालता. दिवसभर कानस चालायची, पितळेचा चुरा हातांच्या रेषांत जाऊन बसायचा आणि कितीही घासला तरी निघायचा नाही. बोलणं बेताचं. गिऱ्हाईक हरवलेल्या किल्लीची कहाणी सांगत बसलं, तर मामा मान हलवत आणि नवी किल्ली घासत. घरी बायकोनं विचारलं तरी दिवसभराचा हिशेब दोन शब्दांत संपायचा. “जगाची कुलपं उघडता, आणि स्वतःच्या तोंडाचं तेवढं गंजलेलं,” हा तिचा ठरलेला टोमणा.

मुलूख सोडून पळून आलेल्या, आसरा मागणाऱ्या माणसांसाठी वस्तीतल्या काही लोकांनी एक मंडळ काढलं होतं. रविवारी शाळेच्या रिकाम्या वर्गात ते जमायचे. कोणी गाद्या मिळवायचं, कोणी भांडी, कोणी दवाखान्यात सोबत जायचं. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका या मंडळाच्या प्रमुख. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. एकदा त्या कपाटाची किल्ली करून घ्यायला टपरीवर आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, पहिलंच कुटुंब आलंय, घर चांगलं आहे, पण घरातला माणूस काही केल्या झोपत नाही, दाराला पाठ लावून बसून राहतो.

मामांनी कानस थांबवली. त्या दाराचं कुलूप कोणाचं, म्हणून विचारलं. घरमालकाचं, बाई म्हणाल्या, किल्ली त्याच्याकडेही असते.

“मग कसा झोपेल तो?” मामा म्हणाले आणि पिशवी उचलून त्यांच्याबरोबर निघाले.

तेव्हापासून हे काम त्यांच्याकडे आलं. मंडळानं घर घेतलं की मामा जुनं कुलूप काढून नवं बसवायचे आणि सगळ्या किल्ल्या राहणाऱ्याच्या हातात द्यायचे. घरमालक कुरकुरायचे. मामा ऐकून घ्यायचे आणि स्क्रू आवळायचे. ही माणसं तंबूंत, गोदामांत, ताडपत्रीखाली राहून आली होती. जिथं झोपायचं तिथं दारच नव्हतं, आणि जिथं दार होतं तिथली कडी बाहेरून होती. त्यामुळे किल्ली देऊन भागत नाही, असं मामांना वाटे. माणसानं स्वतः दार लावून घ्यायला हवं, बाहेर कोणी उभं असायला हवं, आणि तरीही ते उघडता कामा नये. मग मामा ठोठावणार: दोनदा भरभर, थोडं थांबून एकदा. आतल्यानं वाटलं तर उघडावं, न वाटलं तर नाही. बहुतेक जण लगेच उघडत आणि ओशाळं हसत.

या बाईनं उघडलं नाही.

मामा जिन्यावर बसून राहिले. वरच्या मजल्यावरची माणसं त्यांना ओलांडून खाली गेली, पिशव्या भरून परत आली. दुपार कलली तेव्हा कुठं कळ फिरली. बाईच्या गालावर चटईच्या काड्यांचे वळ उमटले होते. ती झोपली होती. मामांना बघून तिचा जीव खालीवर झाला, पण मामा कपडे झटकत उठले आणि घरी आल्यावर बायकोला म्हणाले, आजचं काम फार छान झालं. काय केलंत, तिनं विचारलं. बसलो होतो, मामा म्हणाले. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

ती बाई शिवणकाम करायची. मंडळानं तिला एक जुनं मशीन मिळवून दिलं, आणि तिची बोटं त्यावर अशी चालली की आळीतल्या बायका जुने झगे, पडदे, उशांचे अभ्रे घेऊन यायला लागल्या. मुलगी शाळेत जाऊन भाषा शिकली आणि आईला शिकवायला लागली. मशीनचा पट्टा घसरला, खिडकी अडकली, की मामा जायचे. खरं तर पट्टा रोज घसरत नव्हता. मामांना मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल नवराबायको कधी बोलत नसत.

मुलीनं त्या ठोठावण्याचा खेळ केला होता. दोनदा भरभर, मग एकदा. आतून तिचा आवाज यायचा, “कोण?” मामा म्हणायचे, “कोणी नाही, मीच.” ती खदखदून हसायची, कळ फिरवायची. दुसऱ्या कोणी ठोठावलं तर ती आईला विचारल्याशिवाय कळीला हात लावायची नाही. मामांनीच तिला तसं बजावलं होतं.

मग त्या मायलेकींच्या आसऱ्याच्या अर्जाला नकार आला. मोठ्या बाईंनी वकील गाठला, पुन्हा दाद मागितली, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. पुन्हा नकार आला. रविवारच्या बैठकीत त्यांनी ते सांगितलं तेव्हा त्यांचा चष्मा धुकटला होता. आता त्या दोघींना परत पाठवणार, आणि परत म्हणजे कुठं हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मामांनी त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण तसंच ठेवलं. बायकोनं टोमणा मारला नाही.

काही दिवसांनी सकाळी मोठ्या बाई टपरीवर धापा टाकत आल्या. दोघींना न्यायला अधिकारी आले होते आणि शिवणवालीनं आतून लावून घेतलं होतं. घरमालकाकडे किल्ली नव्हती. आता ते दार फोडणार होते.

“मामा, लेकरू आहे हो आत,” बाई म्हणाल्या. “फोडलं तर ती आयुष्यभर विसरायची नाही. तुम्ही तेवढं अलगद उघडून द्या.”

मामांनी नकारार्थी मान हलवली. त्या कुलपाला मी हत्यार लावणार नाही, एवढंच ते म्हणाले. ते कुलूप उघडायला त्यांना फारसा वेळ लागला नसता. म्हणून तर त्यांचे हात मांडीखाली गेले होते, थंडी वाजल्यासारखे. मीसुद्धा नाही, असं त्यांनी तिला छातीवर बोट ठेवून सांगितलं होतं. तिला त्यांच्याकडून मिळालेली एवढीच एक वस्तू होती. बाकी सगळं मंडळाचं होतं.

मग निदान तिच्याशी बोला तरी, बाई म्हणाल्या, ती आमचं कोणाचंच ऐकत नाहीये.

मामा उठले. पिशवी त्यांनी मुद्दाम टपरीत ठेवली. वाटेत त्यांनी मनाशी जुळवलं की काय सांगायचं. सांगायचं की मी हत्यारं आणलेली नाहीत. तू उघड असंही म्हणत नाही आणि उघडू नको असंही नाही, पण हे लोक दार फोडणार आहेत, तेव्हा पोरीला दारापासून लांब ने. इतकं लांबलचक ते कधी कोणाशी बोलले नव्हते. जिना चढताना ते शब्द पुन्हा पुन्हा घोकत होते.

दारापाशी एक पुरुष आणि एक बाई, गणवेशातली, उभी होती. मामांना बघून दोघंही भिंतीला सरकली. वाईट नव्हती माणसं. त्यातल्या बाईनं तर नजर खाली घातली होती.

मामांनी ठोठावलं. हात सवयीनंच चालला. दोनदा भरभर, मग एकदा.

आत काहीतरी ओढल्याचा आवाज झाला, आणि मग अगदी दाराला तोंड लावून, “कोण?”

“कोणी नाही, मीच,” मामा म्हणाले.

घोकलेलं सगळं तोंडाशीच राहिलं. हे वाक्य जिभेवर आधीपासून बसलेलं होतं, ते पुढे झालं. कळ फिरली. पोरीनं दार उघडलं, हसत, आणि मामांच्या खांद्यामागे पाहिलं.

शिवणवाली मशीनपाशी उभी होती. ती ओरडली नाही. तिनं मामांकडे बघितलं. काही विचारत नव्हती ती नजर. विचारून झालं होतं.

बांधाबांध आधीच झालेली होती. एक बोचकं, एक पिशवी. मशीनवर तिनं अर्धवट शिवलेला पडदा घडी करून ठेवला, ज्याचा त्याला द्या म्हणून खूण केली. बाहेर आल्यावर सवयीनं दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली, दार लोटून पाहिलं. मग किल्ली मामांच्या हातात दिली. पोरीनं त्या किल्लीकडे आणि मामांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“आता तुम्ही राहणार का आत?” तिनं विचारलं.

आईनं तिचा हात धरला आणि त्या जिना उतरायला लागल्या. प्रत्येक पायरीला बोचकं भिंतीला घासत गेलं.

रविवारी मामा बैठकीला गेले. बायको म्हणाली होती नका जाऊ, पण गेले. लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून, नेहमीच्या जागी बसले. मोठ्या बाई बोलायला उठल्या. आपण हरलो, त्या म्हणाल्या. पण निदान त्या लेकरासमोर दार फुटलं नाही, आरडाओरडा झाला नाही, हे मामांमुळे. कोणीतरी हलक्या टाळ्या वाजवल्या, मग इतरांनीही. गाद्या मिळवणारा माणूस मनापासून म्हणाला, मामांचं ते ठोठावणं आपण सगळ्यांनीच शिकून घ्यायला हवं, किती विश्वास बसतो त्यानं माणसांचा.

मामा आपल्या तळहाताकडे बघत होते. रेषांत पितळेचा चुरा चमकत होता.

बाईंनी पुढचं सांगायला घेतलं. त्याच घरात नवं कुटुंब येतंय, म्हातारा बाप आणि दोन मुली. फार लांबून चालत आलेत. “मामा, कुलूप तसं नवंच आहे. पण तुमची रीत आहे, तुम्ही बदलालच. तुम्ही दाराशी असलात की माझा जीव भांड्यात पडतो.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मामा बाकावरून उठले. खिशातून ती किल्ली काढली, बाईंसमोर टेबलावर ठेवली. बाई काहीतरी विचारणार होत्या. ते वर्गाच्या दारापर्यंत गेले, दाराच्या कडीवर क्षणभर हात ठेवला, ती तशीच सोडली, आणि बाहेर निघून गेले.