भीमा मुकादमाची पोथी

बहात्तरच्या दुष्काळात पारनेरच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं आणि तिथं भीमा मुकादमाचं राज्य सुरू झालं. त्यानं शिट्टी वाजवली की पाटी उचलायची, शिट्टी वाजवली की पाणी प्यायचं. बोलायचं नाही, गाणं म्हणायचं नाही. आणि कुणी हसलं तर हजेरी कापलीच! शेकडो माणसं असून माळ मुका.

गोजरबाई जन्माची बडबडी. तिचा जीव नुसता गुदमरायला लागला. चौथीपर्यंत शिकलेली होती, तेव्हा जे तोंडानं बोलता येईना ते ती चोरून वहीत लिहायला लागली. ‘आज मुकादम बाभळीखाली झोपला. घोरन्यानं झाडावरचे व्हले उडाले. आमाला पानी घोटभर, त्याला आंघुळीला घागर.’ वही भाकरीच्या फडक्यात बांधून आणायची आणि जेवताना शेजारच्या छबूबाईला हळूच वाचून दाखवायची.

एक दिवस छबूबाई फिस्सकन हसली आणि मुकादम समोर येऊन उभा.

“काय हाय त्या वहीत?”

“पोथी हाय, मुकादम,” गोजरबाईच्या तोंडून निघून गेलं.

मुकादमानं पायातल्या वहाणा काढल्या. “मग मोठ्यानं वाच की. सगळ्यांनाच पुण्य लागू दे.” आणि हात जोडून खाली बसला.

आता आली का पंचाईत! पण बाप श्रावणात पोथी वाचायचा, ती चाल गोजरबाईच्या कानात होती. तिनं डोळे मिटले आणि सूर लावला,

“ऐका असुराची ही ख्याती । दुपारी निजे बाभळीखालती । घोरता हादरे सारी माती । व्हले उडती आकाशी ॥”

बायांनी तोंडात पदर कोंबले. छबूबाई तर मातीच्या ढिगाआड आडवीच झाली.

“लईच माजलाय की असुर!” मुकादम म्हणाला. “पुढं?”

“पुढचा अध्याय उद्या.”

दुसऱ्या दिवशी तो नारळ घेऊन आला. मग रोज एक अध्याय. हसून हसून बायांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि मुकादम म्हणायचा, “रडा, रडा. भक्ती हाय ही.”

पुढं एकदा तपासणीला साहेब आले. मुकादमानं मोठ्या तोऱ्यात गोजरबाईला पुढं केलं. तिनं नेमका पाण्याचाच अध्याय काढला. ऐकता ऐकता साहेबांची नजर मुकादमाच्या ओल्या केसांवर गेली, मग बायांच्या सुकलेल्या ओठांवर.

“मुकादम, हा असुर शिट्टीही वाजवतो का हो?”

“व्हय साहेब! कालच्याच अध्यायात वाजवली!”

साहेबांना हसू फुटलं आणि मग अख्खा माळच हसत सुटला. जाताना साहेब शिट्टी खिशात घालून गेले आणि पाण्याचं पिंप बाभळीच्या सावलीत, बायांच्या हाताशी ठेवायला सांगून गेले.

संध्याकाळी मुकादम कान खाजवत गोजरबाईजवळ आला.

“गोजरबाई, तो असुर म्हंजी... मी व्हय?”

“व्हय.”

त्यानं वहीकडं बोट केलं. “मग श्येवटी मरतो का त्यो?”

“अजून लिव्हलं न्हाई.”

“मंग बघा की, सुधारता आला तर,” मुकादम म्हणाला, आणि गोजरबाई हसत हसत मटकन खालीच बसली.