ग्राउंडवरचा शिक्का

“मग सर, उद्यापासून हिला रिक्षात घालून ग्राउंडवर आणू का? तिथनं चालेल ती.”

बाई टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच माहिती हवी होती. त्या शाळेमागच्या नवघर गावात राहायच्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला जायच्या. त्यांची संजना आमच्याकडे चौथीत होती. मी पी.टी.चा शिक्षक, आणि ‘चला, चालत शाळेत’ या योजनेचा इनचार्ज.

योजना साधी होती. सकाळी आमच्या गेटसमोर रिक्षा, स्कूटर आणि व्हॅन यांचा असा गुंता व्हायचा, की मुलांच्या आधी हॉर्न वर्गात पोचायचे. म्हणून प्रिन्सिपल मॅडमनी ठरवलं, सगळ्यांनी रस्त्यापलीकडच्या ग्राउंडवर उतरायचं आणि शेवटची सात-आठ मिनिटं आईबाबांसोबत चालत यायचं. ग्राउंडला आम्ही ड्रॉप पॉइंट म्हणायचो, म्हणजे गाडी सोडायची जागा. तिथे मी मुलांच्या कार्डावर शिक्का मारायचो. हसऱ्या बुटाचा. एका शिक्क्याला एक हाउस पॉइंट. हाउस म्हणजे रंगांवरून पाडलेले मुलांचे गट. टर्मअखेर चौथीत ज्याचे शिक्के जास्त, त्याला मेडल.

संजना घरापासून चालत यायची. रोज, वीस मिनिटं. पण मागच्या गल्लीतून. ग्राउंड तिच्या वाटेवरच नव्हतं. त्यामुळे महिनाभरात कार्ड कोरं. तिच्या ग्रीन हाउसची पोरं तिला ‘झिरो’ म्हणायला लागली आणि ती शाळेत जायलाच नको म्हणू लागली. म्हणून बाई आल्या होत्या.

मी आधी मॅडमना विचारून बघितलं होतं.

“सर, स्कीम गाडीने येणाऱ्यांसाठी आहे. ती ऑलरेडी चालतेय. मग इम्प्रूव्हमेंट काय?”

“तिला गेटवरच शिक्का दिला तर?”

“उद्या सगळे गेटपर्यंत रिक्षा आणतील आणि म्हणतील, चालत आलो. कोण बघायला गेलंय?”

मी बघायला गेलो होतो, हे मी मॅडमना सांगितलं नाही. आम्ही मीरा रोडला राहायचो. माझा ओंकार संजनाच्याच वर्गात होता. त्याला मी स्कूटरवरून मागच्या गल्लीतल्या स्टाफ गेटपाशी सोडायचो आणि मग ग्राउंडवर जाऊन इतर पालकांना चालण्याचे फायदे सांगायचो. दप्तर जड असतं, असं मी मनाला सांगितलं होतं. दप्तरं सगळ्यांचीच जड होती. पण शिक्का माझ्या खिशात असायचा आणि ओंकारचं कार्डही. त्या गल्लीत संजना रोज भेटायची. “गुड मॉर्निंग सर,” म्हणायची. ती चालत येते हे शाळेत माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं.

“रिक्षाची गरज नाही,” मी बाईंना म्हणालो. “ग्राउंडवरून आली की झालं.”

दुसऱ्या दिवसापासून संजना घरातून लवकर निघू लागली. शाळेच्या गेटवरून पुढे जायची, रस्ता ओलांडायची, ग्राउंडवर शिक्का घ्यायची आणि गर्दीबरोबर परत यायची. परतीच्या वाटेवर आमचे दोन शिक्षक दोरी धरून, शिट्टी वाजवून गाड्या थांबवायचे. जाताना मात्र ती एकटी. शाळेकडून ग्राउंडकडे जाणारं मूल योजनेत बसतच नव्हतं, मग त्याच्यासाठी दोरी कुठून असणार?

मला हे दिसत होतं. तीन आठवडे मी शिक्के मारत राहिलो.

मग एका सकाळी पाण्याचा टँकर करकचून थांबला. संजना त्याच्यापुढे हातभर अंतरावर उभी. कार्ड छातीशी धरलेलं. ड्रायव्हर खाली उतरला.

“मास्टर, स्कूल उधर है ना? फिर बच्ची को इधर कायको बुलाता है?”

“गाडी देखके चलाओ,” मी म्हणालो.

संजनाला बाजूला घेतलं. टर्म संपायला बारा दिवस होते. तिच्या कार्डावर मी बारा शिक्के एकदम मारले. दोन तिरके पडले. “आता सरळ घरून शाळेत यायचं. इकडे फिरकायचं नाही. आणि हे कुणाला दाखवू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. संजनाची आई खुर्चीच्या कडेला बसलेली. टेबलावर ते कार्ड.

“सर, तुमच्याकडनं पुढचे पण शिक्के पडलेत वाटतं,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, आधीच सांगितलेलं बरं. उगाच कुणी म्हणायचं, हिनेच मारले.”

“सर?” मॅडमनी विचारलं.

तेव्हा सांगता आलं असतं. टँकर, स्टाफ गेट, ओंकारचं कार्ड. दोन मिनिटांचं काम होतं.

“घाईत झालं, मॅडम.”

मॅडमनी लाल पेनने बाराही शिक्के खोडले आणि बाईंच्या प्रामाणिकपणाचं तोंडभर कौतुक केलं. बाई दारात थांबून मला म्हणाल्या, “तुम्ही नका हो मनाला लावून घेऊ. गर्दीत होतं असं.”

टर्मचे उरलेले दिवस मी गेटवर थांबून संजनाला हाताला धरून ग्राउंडवर न्यायचो, शिक्का मारायचो आणि परत आणायचो. तिच्या आईच्या नजरेत मी फार चांगला शिक्षक झालो. अर्थात पहिला महिना कोरा असल्यामुळे मेडलपर्यंत ती पोचणं शक्यच नव्हतं.

मेडल ओंकारला मिळालं. चौथीत एकही दिवस न चुकलेलं कार्ड त्याचं एकट्याचं. नाव माइकवरून मीच पुकारलं. संजनाने टाळ्या वाजवल्या.

परतताना ओंकार स्कूटरवर मागून म्हणाला, “पप्पा, हे संजनाला देऊया?”

“मिळालेलं मेडल असं कुणाला देत नसतात,” मी म्हणालो. पुन्हा त्याने ते कधी गळ्यात घातलं नाही. कपाटाच्या खणात ते अजून आहे.

योजना एकच टर्म चालली. गेटवरचा गुंता ग्राउंडवर गेला, मग ग्राउंडशेजारच्या सोसायट्यांनी तक्रार केली आणि तो परत गेटवर आला. शाळेच्या अहवालात मात्र योजनेचं यश नोंदलं गेलं. ते वाक्य मीच लिहिलं.

आता कुणी विचारलं तर एवढंच सांगतो. मुलांना चालायला लावण्याआधी चालत कोण येतंय ते बघावं. मी बघितलं होतं. रोज सकाळी, स्कूटरवरून.