नथ उजवीकडे, स्टीअरिंग डावीकडे

आता हे सांगू की नको, असं होतंय बघा. कारण माझ्यासारखा काटेकोर माणूस, ज्याच्या घरी चहाच्या कपाचा कानसुद्धा रोज एकाच दिशेला असतो, तो असा तोंडावर आपटेल यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. माझाही बसला नव्हता.

मी अमरावतीला एकटा राहतो. नोकरी करतो, संध्याकाळी रोजनिशी लिहितो, आणि उरलेल्या वेळात जुन्या आलिशान मोटारींच्या छोट्या प्रतिकृती करतो. तेलाच्या डब्याचा पत्रा, सागवानाचे तुकडे, चाकांच्या आऱ्यांना तांब्याची बारीक तार, धुराड्याला इंजेक्शनची सुई. पाहायला कोण येतं? दूधवाला. तो एकदा म्हणाला, "काका, नातवासाठी का?" नातू कुठला हो! नातवाच्या आधी जे जे लागतं, त्यातलं काहीच घडलं नव्हतं.

तर, अकोटच्या एका कापूस-जिनिंगवाल्या शेठजींकडे फार पूर्वी एक फ्रेंच मोटार होती, असं कळलं. नाव असलं की उच्चारायला गेलं तर कवळी हातात यावी. मी रविवारी एसटी पकडली. जिनिंगला कुलूप. मोटार कधीच भंगारात गेलेली. एका पानवाल्यानं सांगितलं, "त्या कमलताईकडं जा. तिच्या मायबापाची वरात त्याच मोटारीत निघाली होती."

कमलताई म्हणजे साठीच्या, निवृत्त शिक्षिका. भाऊ-भावजयीसोबत राहत. त्यांनी ट्रंकेतून कापडात गुंडाळलेली काचेची निगेटिव्ह काढली. फोटो वाळवीनं खाल्ला होता, काच तेवढी उरली होती.

"मी तीन वर्षांची होती तवा माय गेली," त्या म्हणाल्या. "नवरीच्या रूपात तिले अशीच पाह्यली मी. काळं तोंड, पांढरे केस. खिडकीशी धरून."

मी म्हणालो, "ताई, मोटार हुबेहूब करून देतो. आणि आईचा फोटोही फ्रेम करून आणतो. दोन्ही एकदमच देईन."

"एकदमच काहून? फोटो आधी द्या ना."

"नाही, एकदमच!" मला हौस होती ना, लोकांनी आ वासून पाहावं याची.

अमरावतीच्या स्टुडिओवाल्यानं काच हातात घेऊन विचारलं, "साहेब, ही बाजू वर का ती?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "ही!" कोणत्या आधारावर? नुसत्या चढ्या आवाजाच्या.

फोटो आला आणि मी उडालोच! स्टीअरिंग डावीकडे! अहो, त्या काळी युरोपातल्या बड्या गाड्यांचं स्टीअरिंग उजवीकडे असायचं. रस्त्याची बाजू कोणतीही असो, तोच रुबाब. मग ही डावीकडची कशी? वाचून, विचार करून मी सिद्धान्त मांडला. ही एका अमेरिकन धनिकासाठी खास बांधलेली. त्यानं ऐनवेळी नाकारली, ती बोटीनं मुंबईला आली आणि तिथून अकोटला. जगात एकमेव! नंबरप्लेटवर हारांचा ढीग होता, नाहीतर... असो.

वर्षभर खपलो. अधूनमधून रविवारी अकोटला जायचो. रंग विचारायला, गादीचं कापड विचारायला. खरं सांगू? कमलताईंनी मोटार पाहिलीच नव्हती, त्या काय सांगणार! पण मालती वहिनी, म्हणजे त्यांच्या भावजय, चहासोबत आलुबोंडे करायच्या. आणि दार उघडताना कोणीतरी "आले काय भाऊ!" म्हणायचं. ते वाक्य मी परतीच्या एसटीत अंजनगावपर्यंत पुरवून पुरवून ऐकायचो.

शेवटी तो दिवस उगवला. ताईंनी गल्लीच गोळा केली होती. त्यांचा भाऊ बाळासाहेब खाटेवरून म्हणाला, "कापसाले भाव नाही, जिनिंगा बंद पडून राहिल्या, अन् हा बाप्पा पत्र्याच्या मोटारी करून राहिला! बरं हाय बुवा!"

मी दुर्लक्ष केलं. टेबलावर मोटार ठेवली, शेजारी कपड्यानं झाकलेली फ्रेम, आणि व्याख्यान सुरू केलं. अमेरिकन धनिक, बोट, मुंबई बंदर. गल्ली थक्क. मग मी झोकात कपडा ओढला.

कमलताई पुढं झाल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. "माय," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात मागून मालती वहिनी, "अवो, पण नथ उजव्या नाकात काहून घातली?"

सारी गल्ली फ्रेमकडे वाकली.

"अन् नवऱ्याच्या उजव्या बाजूले काहून बसली? पदर बी उलटा!"

बाळासाहेब उठून बसला. "सारंच उलटं झालं थे! काच उलटी धरली या मास्तरनं!"

मी मास्तर नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती. वहिनीनं आतून आरसा आणून फ्रेमसमोर धरला. आरशात नथ डावीकडे, पदर जागेवर, नवरी नवऱ्याच्या डावीकडे... आणि स्टीअरिंग उजवीकडे. हजारो गाड्यांसारखं. माझा अमेरिकन धनिक मुंबई बंदरातच बुडाला.

गल्ली अशी हसली की पलीकडच्या गल्लीतून माणसं आली.

"भाऊ," कमलताईंनी डोळे पुसत विचारलं, "वर्षभर फोटो पाह्यला ना तुमी?"

"रोज. भिंगातून."

"मोटारीतली माणसं नाही दिसली?"

दरवाज्याच्या मुठीचं माप घेतलं होतं, बिजागऱ्या मोजल्या होत्या. माणसं मध्ये येत होती म्हणून मी चिडलोसुद्धा होतो.

"घरी बाई मानूस नाही ना कोनी?" वहिनीनं विचारलं.

"नाही."

"दिसतेच थे!"

मी मोटार उचलायला गेलो, तर ताईंनी हात धरला. "ठेवा इथंच." आता ती त्यांच्या कपाटात आरशासमोर उभी आहे. पाहुण्यांना त्या आरशातली मोटार दाखवतात. मला म्हणाल्या, "सुलटी दुसरी करा. तवरोक येत राह्यजा."

मग काय, आधी नथ पाहिली आणि दुसरी केली. ती तयार होऊन कधीची माझ्या टेबलावर उभी आहे. पण दर रविवारी ताई विचारतात, "झाली काय भाऊ?" आणि मी आलुबोंडा खात सांगतो, "रंग ओला आहे अजून."

गेल्या रविवारी मालती वहिनी अंगणात पातळं वाळत घालत होत्या. मे महिना. आपल्याकडचं ऊन, दोरीचं दुसरं टोक गाठेपर्यंत पहिलं पातळ कडक. त्यांनी एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"भाऊ, रंग देऊन राहिले का पानी?"